कुंडलिकेच्या पाण्याचे वेळापत्रक

आगगाडीला वेळापत्रक असते, एस. टी.ला असते, शाळेला तर असतेच. पण एखाद्या नदीला वेळापत्रक असते असे कोणी सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल का? रायगड जिल्ह्यातील कुंडलिका ही अशी नदी आहे. पावसाळा संपल्यावर सकाळी लवकर तिच्या काठी जाऊन उभे राहिलात तर पात्रात गोटे उघडे पडलेले दिसतील, मधून पाण्याची एक सडपातळ धार वाहत असेल. तास-दोन तासांनी त्याच जागी परत या. गोटे दिसेनासे झालेले असतील, आणि पात्र भरून फेसाळत जाणारे पाणी पाहून तुम्हाला वाटेल की आपण भलत्याच नदीवर आलो!

या पाण्यावर रबरी तराफ्यात बसून, वल्ही मारत, खळाळातून उड्या खात खाली जाण्याच्या खेळाला ‘राफ्टिंग’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत कोलाड हे गाव त्यासाठी चांगलेच प्रसिद्ध झाले आहे. आमच्या महाविद्यालयातील मुलांनी तेथे सहल नेण्याचा हट्ट धरला, तेव्हा मी एक अट घातली : सहलीचा आराखडा भौतिकीच्या वहीत मांडायचा. ‘सर, नुसते भिजायला जायचे तर गणित कशाला?’ असे एकाने विचारलेच. त्याला जे उत्तर दिले तेच आज तुम्हालाही देतो.

पहिला प्रश्न असा, की ऐन डिसेंबर-जानेवारीत या नदीला पाणी येते कोठून? सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पाऊस थांबला की त्या लवकरच आटतात. कुंडलिकेचे हिवाळ्यातील पाणी खरे म्हणजे तिचे नव्हेच, ते मुळा नदीचे आहे. घाटमाथ्यावर मुळशी येथे मुळा नदीवर धरण आहे. हे पाणी निसर्गाच्या मर्जीने वाहिले असते तर पुण्याला मुठेला भेटून, पुढे भीमा आणि कृष्णा यांच्यामार्फत बंगालच्या उपसागराला मिळाले असते. माणसाने त्याला डोंगराच्या पश्चिमेकडे वळवले आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहावर सोडले. १९२७ पासून हे पाणी अरबी समुद्राकडे जाते आहे. ज्यांच्या जमिनी या धरणाखाली गेल्या त्या मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली केलेला, १९२१ साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह तुम्ही इतिहासात वाचला असेल. तेच हे धरण, तेच हे पाणी. राफ्टमध्ये बसताना एवढे ठाऊक असलेले बरे.

आता थोडा हिशेब. १ घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते ५०० मीटर खाली आले की १००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख जूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. नळांतील घर्षण आणि यंत्रांतील घट वजा जाता तिच्यापैकी ८५ टक्के विजेत उतरली असे धरू, म्हणजे सुमारे ४२ लाख जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा एका घनमीटरमागे जेमतेम १.१५ युनिट वीज मिळते. भिऱ्याच्या मूळ वीजगृहाची क्षमता १५० मेगावॅट, म्हणजे सेकंदाला १५ कोटी जूल. भागाकार करा. सेकंदाला सुमारे ३६ घनमीटर पाणी लागेल! पाण्याचा मोठा टँकर १० घनमीटरचा धरला, तर दर सेकंदाला साडेतीन टँकर रिकामे होत आहेत असे डोळ्यांपुढे आणा.

हे पाणी काही लगेच नदीत मोकळे सुटत नाही. खाली रवाळजे येथे ते पुन्हा अडवतात, त्यापासून आणखी एकदा वीज काढतात, आणि मग ते कुंडलिकेच्या पात्रात येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतीलाही जाते. कोळशावरचे वीजकेंद्र थंड पडले की ते पुन्हा चालू करायला तास लागतात, जलविद्युत केंद्र मात्र काही मिनिटांत चालू-बंद करता येते. म्हणून विजेची मागणी चढते त्या वेळेला ते चालवायचे आणि एरवी पाणी साठवून ठेवायचे, अशी पद्धत पडली आहे. नदीचे वेळापत्रक तयार झाले ते यातून. राफ्टवाल्यांच्या सोयीसाठी कोणी पाणी सोडत नाही. विजेसाठी सोडतात, राफ्टवाले त्याचा फायदा घेतात. एखाद्या दिवशी यंत्रे बंद असली तर पाणी येत नाही किंवा उशिरा येते. तेव्हा आराखड्यातील पहिली ओळ ही : आदल्या संध्याकाळी चौकशी केल्याशिवाय निघायचे नाही.

कोलाड मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरता येते. तेथे कसे पोहोचायचे हा काही अवघड प्रश्न नाही. अवघड प्रश्न आहे तो पाणी कधी पोहोचते हा.

राफ्ट रवाळज्याच्या खाली पाण्यात घालतात आणि बारा-चौदा किलोमीटरवर कोलाडच्या बाजूला काठाला लावतात. आपण १२ किलोमीटर धरू. पाणी आल्यावर पात्र समजा २५ मीटर रुंद आणि सरासरी १ मीटर खोल भरले. वरून सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर पाणी येत असेल, तर ३७ ÷ २५, म्हणजे वेग सेकंदाला दीड मीटर. (प्रत्यक्ष मोजायचा असेल तर काठाने वीस पावले अंतर मोजा, संत्र्याची साल टाका आणि घड्याळ लावा. साल वरच्या थराचा वेग सांगते. तळाशी घर्षण असल्यामुळे सरासरी वेग त्याच्या सुमारे ८५ टक्के असतो.)

राफ्ट साधारण पाण्याच्याच वेगाने जाते. १२,००० मीटर भागिले १.५, म्हणजे ८००० सेकंद, सव्वादोन तासांना दोन मिनिटे कमी. आता समजा, वरून पाणी तीन तास सोडले जाते. मग राफ्ट केव्हा निघाली तर चालेल? आमच्या वर्गात बहुतेकांनी उत्तर दिले, ‘तीन तासांत केव्हाही. कारण आपण पाण्याबरोबरच जाणार. वरचे दार बंद झाले तरी आपल्याखालचे पाणी आपल्याबरोबर आहेच.’ उत्तर सुबक आहे, आणि चुकीचे आहे.

पाणी ज्या वेगाने जाते आणि पाण्याचा चढ-उतार ज्या वेगाने जातो, ते दोन वेगळे वेग आहेत. तिकिटाच्या लांब रांगेत पुढचा एक माणूस सरकला की त्याच्यामागचा सरकतो, मग त्याच्यामागचा. प्रत्येक जण एकच पाऊल टाकतो, पण ‘सरकणे’ मात्र क्षणात रांगेच्या टोकाला पोहोचते. नदीतही तसेच काहीसे होते. उथळ पाण्यावर तळाचे घर्षण अधिक परिणाम करते, खोल पाण्यावर कमी. म्हणून खोल पाणी जास्त वेगाने धावते. एकोणिसाव्या शतकात मॅनिंग या आयरिश अभियंत्याने दिलेल्या सूत्राप्रमाणे रुंद पात्रातला वेग खोलीच्या २/३ घाताच्या प्रमाणात असतो. दर सेकंदाला वाहणारे पाणी म्हणजे खोली गुणिले वेग, तेव्हा ते खोलीच्या ५/३ घाताच्या प्रमाणात बदलते. यातून असे निघते, की पाण्याचा चढ-उतार पाण्याच्या वेगाच्या ५/३ पट वेगाने खाली जातो. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी विकलन करून हे स्वतः काढावे, दोन ओळींचे काम आहे.)

आपल्या उदाहरणात हा वेग सेकंदाला अडीच मीटर. म्हणजे वर दार बंद झाल्यावर ‘ओहोटी’ची बातमी १२ किलोमीटर अंतर ४८०० सेकंदांत, एक तास वीस मिनिटांत कापते. तुमच्या राफ्टला लागतात ८००० सेकंद. फरक ३२०० सेकंदांचा, सुमारे ५३ मिनिटे. ओहोटी मागून येऊन तुम्हाला गाठणार! तिने गाठू नये अशी इच्छा असेल तर दार बंद होण्याच्या निदान ५३ मिनिटे आधी निघायला हवे. तीन तासांपैकी पहिल्या दोन तास सात मिनिटांत. वाटेत पोहण्यासाठी अर्धा तास थांबायचे असेल तर तोही यातून वजा. ओहोटीने गाठले तर जीव जातो असे नव्हे. पाणी हळूहळू उतरते आणि राफ्ट गोट्यांवर बसते. मग ती डोक्यावर घेऊन चालत या. आमच्या मुलांना मात्र हा भाग सर्वांत पटला, कारण राफ्ट डोक्यावर घेण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

भरतीची बातमीही अशीच लवकर येते, आणि तिथे गंमत संपते. त्याविषयी माझा एक अनुभव सांगायला हवा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मुलांची एक सहल सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका नदीवर नेली होती. नदीच्या वरच्या अंगाला वीजगृह होते हे मला माहीत होते. पण ते माहीत असून मी त्याचा विचार केला नव्हता. पात्रात घोट्याइतके पाणी. मधल्या एका मोठ्या खडकावर दोन मुले पातेली घासायला गेली. दहा मिनिटांत पाणी गुडघ्यांपर्यंत आले, आणि मग मांड्यांपर्यंत. आकाश स्वच्छ निळे. मी काठावरून ओरडलो, ‘या, या, लवकर चालत या इकडे!’ एक मुलगा पाण्यात पाय टाकणार एवढ्यात मागून गुरे राखणारे एक म्हातारबाबा धावत आले. ‘मास्तर, पोरांना बोलवू नका. त्या धोंड्याच्या माथ्यावर पानी चढत नाय. बसू द्या तिथंच.’ खडकावर एका उंचीपर्यंत पांढुरका डाग होता आणि वर काळा, कोरडा दगड. बाबांनी बोट दाखवले तेव्हा मला तो दिसला. मुले माथ्यावर चढून बसली. तीन तासांनी पाणी उतरले, तेव्हा ती पातेल्यांसकट चालत आली.

मी त्या रात्री घरी बसून जो हिशेब केला तो तुमच्यापुढे ठेवतो. वाहते पाणी पायांना ढकलते त्याचे बल असे :

बल = १/२ × पाण्याची घनता × आकारांक × पायांचे समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

मांडीपर्यंतच्या दोन पायांचे क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर आणि आकारांक १.१ धरा. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर बल ८२ न्यूटन, म्हणजे ८ किलोग्रॅम वजनाएवढे. दीड मीटरला १९ किलोग्रॅम. दोन मीटरला ३४. वेग दुप्पट, बल चौपट. आता मुलाला जागेवर धरून ठेवणारे काय आहे? तळव्यांचे घर्षण. मुलाचे वजन ५० किलो. पाण्यात बुडालेल्या पायांवर उत्प्लावक बल सुमारे १२ किलोचे, तेव्हा तळव्यांवर भार उरला ३८ किलो. शेवाळलेल्या गोट्यावर घर्षण गुणांक ०.३ धरणे म्हणजे उदारपणाच. ३८ × ०.३ = सुमारे ११ किलो. ज्या वेगाला ढकलणारे बल ११ किलो होते तो वेग निघतो ताशी सव्वाचार किलोमीटर. शाळेला उशीर झाला म्हणजे तुम्ही याहून जोरात चालता! एवढ्या वेगाच्या, मांडीपर्यंतच्या पाण्यात मुलगा उभा राहू शकत नाही. आणि पाणी कमरेपर्यंत आले की क्षेत्रफळ वाढते, तळव्यांवरचा भार आणखी घटतो. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने उलटतात.

वाऱ्याशी तुलना केली तर हे अधिक पटेल. पाणी हवेच्या सुमारे ८३० पट घन आहे. सेकंदाला दोन मीटर वेगाच्या पाण्याइतका रेटा द्यायचा तर वाऱ्याला ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने वाहावे लागेल. तशा वाऱ्यात उभे राहण्याची हिंमत कोणी करणार नाही. पाणी मात्र शांत दिसते म्हणून माणूस पाय घालतो.

यामुळेच राफ्टवरचा गाईड पहिला धडा देतो तो पडल्यावर उभे न राहण्याचा. पाठीवर पडून राहायचे, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, पाण्याच्या वर. पाय पुढे असले की खडकाला ते आधी लागतात, डोके नाही. आणि पाय वर असले की ते दोन गोट्यांच्या फटीत अडकत नाहीत. पाऊल अडकले की पाण्याचा रेटा शरीराला पुढे वाकवतो आणि डोके पाण्याखाली जाते. अशा वेळी पाणी कमरेएवढेच असूनही माणूस बुडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हा नियम लागू आहे.

जीवरक्षक जाकिटाचेही गणित पाहू. ६० किलो वजनाच्या माणसाचे घनफळ जवळजवळ ६० लिटर असते. तो पाण्यात धड तरंगत नाही, धड बुडत नाही. १० लिटर घनफळाचे आणि १ किलो वजनाचे जाकीट घातले की एकूण वजन ६१ आणि विस्थापित पाणी ७० किलो. नऊ किलोची ही शिल्लक डोके वर ठेवायला पुरते. पण हे साध्या पाण्यात. खळाळातील पाणी पांढरे का दिसते? मीठ, दळलेली काच आणि ढग पांढरे दिसतात त्याच कारणाने : असंख्य लहान पृष्ठभागांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो. येथे ते पृष्ठभाग हवेच्या बुडबुड्यांचे. पाण्यात ४० टक्के हवा मिसळली तर त्याची घनता ६०० उरते, आणि तुमचे ७० लिटर फक्त ४२ किलो उचलतात. वजन ६१! म्हणजे जाकीट घालूनही फेसात माणूस क्षणभर खाली जातो. घाबरायचे नाही, फेस थोड्या अंतरापुरता असतो आणि पुढचे घट्ट पाणी वर उचलते. मात्र पट्टे सैल असतील तर जाकीट वर येते आणि माणूस खाली राहतो. पट्टे गाईडकडून ओढून घ्या, लाजू नका.

फेस कोठे होतो हे पाहायला मोरीत जा. नळाची धार पालथ्या ताटावर पडू द्या. धारेभोवती पाणी पातळ आणि वेगवान पसरते, आणि काही अंतरावर एकदम गोल कडे करून जाड आणि मंद होते. नदीत बुडालेल्या खडकावरून पाणी वेगाने घसरते आणि पुढच्या मंद पाण्यावर आपटून असेच उसळते. फरक एवढाच, की येथे उसळलेल्या लाटेचा माथा मागे कोसळून फेस होतो. खडक मोठा असेल तर त्याच्यामागे पाणी उलटे, वरच्या दिशेने फिरते. हा भोवरा राफ्ट विसाव्याला लावायला उपयोगी, पण सरळ खडकावरून खाली कोसळणाऱ्या पाण्याचा उलटा प्रवाह माणसाला धरून ठेवतो, त्यापासून दूर. खळाळाच्या तोंडाशी इंग्रजी ‘व्ही’सारखी आकृती दिसते. तिचे टोक खालच्या बाजूला असेल तर ती दोन खडकांमधली मोकळी वाट; टोक वरच्या, म्हणजे तुमच्या बाजूला असेल तर त्या टोकापाशी खडक लपला आहे.

राफ्ट आडवी होऊन खडकाला लागली की सगळे जण घाबरून खडकापासून दूर कलतात. त्याने वरच्या बाजूची कड पाण्यात जाते, प्रवाह तिच्यावर चढतो आणि राफ्ट उलटते. उलट, सगळ्यांनी खडकाकडे झुकावे. वजनाचे आघूर्ण पाण्याच्या आघूर्णाविरुद्ध लागते आणि वरची कड उचलली जाते. मनाला हे पटत नाही, म्हणून काठावरच दोनदा सराव करून घ्या.

खळाळांना, म्हणजे द्रुतवाहांना, सोप्यापासून अशक्यप्राय अशा १ ते ६ श्रेणी देतात. कुंडलिकेवर २ आणि ३ श्रेणीचे आहेत, नवशिक्यांना झेपण्याजोगे. पण ही श्रेणी सोडलेल्या पाण्याची. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस पडत असतो आणि खाली कोलाडला ऊन. अशा वेळी पाणी किती येईल हे वीजगृहालाही सांगता येत नाही. म्हणून शाळेच्या सहलीसाठी मी नोव्हेंबर ते मे हेच महिने निवडीन. बहुतेक ठिकाणी चौदा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, तेव्हा आठवीच्या धाकट्यांनी थोडा धीर धरावा. चष्म्याला दोरी बांधा. सुती कपडे घालू नका, ते पाणी धरून ठेवतात.

आमच्या मुलांनी केलेला शेवटचा हिशेब तुम्हाला सोडवायला देतो. सकाळी काठावर २७ अंश सेल्सियस तापमानाला राफ्टमध्ये हवा भरली. दाबमापकाने वातावरणाहून ०.१७ वातावरण इतका अधिक दाब दाखवला. निघायला उशीर झाला आणि राफ्ट उन्हात ५७ अंशांपर्यंत तापली. घनफळ बदलले नाही असे धरून, दाबमापक आता किती दाखवील? आमच्यापैकी एकाने ३० अंश वाढ म्हणून दाब फार तर दहा टक्क्यांनी वाढेल, म्हणजे ०.१९ होईल, असे सांगितले. दहा टक्के हे त्याचे बरोबर होते, पण ते कशाच्या दहा टक्के? निरपेक्ष दाब १.१७ होता हे लक्षात घेऊन करा, आणि मग गाईड निघण्यापूर्वी राफ्टवर बादलीभर पाणी का ओततो ते आम्हाला कळवा.